पाऊस, इंजिन आणि दादांची बत्ती

गेल्या आठवड्यात लेकीने लीड्सहून जुने फोटो पाठवले. कॉम्प्युटर साफ करायला घेतला होता म्हणे. त्यातला एक मी काढलेला आहे. करडं आभाळ, दगडी कमानींचा लांबच लांब पूल, पुलावर वाऱ्याने फाटलेला धूर आणि अगदी उजव्या कडेला शेवटच्या डब्याचं शेपूट. ज्या इंजिनासाठी आम्ही दोन तास पावसात उभे होतो ते फोटोत नाहीच. मी चष्मा पुसत होतो तेवढ्यात ते पुढे गेलं.

इंग्लंडच्या त्या मुक्कामावर तेव्हा मी याच ब्लॉगवर तीन लेख लिहिले होते, जुन्या वाचकांना आठवत असतील. ब्रिटिश लायब्ररी झाली, शेक्सपिअरचं गाव झालं, जावयाने लावलेली मेथीसुद्धा झाली. इंजिनाचा दिवस मात्र लिहायचा राहिला. खरं म्हणजे राहिला नव्हता, मीच टाळला होता. आज लिहितो.

दिवस होता ३१ मार्च २०१७. आदल्या रात्री जेवताना जावई म्हणाले, "बाबा, उद्या फ्लाइंग स्कॉट्समन जाणार आहे रिबलहेडच्या पुलावरून. तुम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलात ना, तुम्हाला आवडेल." सौ. लगेच म्हणाली, "एवढ्या थंडीपावसात कोळशाचं इंजिन बघायला जायचं? रोटेगावला काय कमी बघितली का?" बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या वैजापूरचं स्टेशन म्हणजे रोटेगाव, गावापासून जरा लांब. आम्हा दोघांचंही लहानपण त्या इंजिनांच्या धुरात गेलं. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि मनमाड येईपर्यंत पदराच्या टोकाने डोळा पुसत बसावं लागायचं. सौ.चा कोळशाच्या इंजिनावरचा राग तेव्हापासूनचा आहे.

तरी गेलो. लीड्सपासून गाडीने दीडेक तास. झाडं विरळ होत गेली, मग संपलीच. उरली नुसती उघडी टेकाडं, मेंढ्या आणि दगडाच्या गडग्या. पूल दिसला तेव्हा मात्र मी गप्प झालो. चोवीस कमानी, पाव मैल लांबी, उंची शंभर फुटांवर. १८७० मध्ये काम सुरू झालं आणि ते मजुरांनी हाताने केलं. पुलाच्या पायथ्याशी त्यांच्या झोपड्यांची वस्ती होती. अपघातांनी आणि देवीच्या साथीने त्यातली शेकड्याने माणसं गेली, बायकापोरं धरून. जवळच्या लहानशा चर्चच्या आवारात ती पुरलेली आहेत. जावयांनी हे सगळं गाडीत सांगितलं होतं, पण पूल समोर आल्याशिवाय ते ऐकलं असं म्हणता येत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या होत्या. वरून रिपरिप, आणि वारा असा की छत्री उघडली तर छत्रीमागे आपणही जाऊ. त्या चिखलात माणसं उभी होती. तिकाटण्यांवर कॅमेरे, कॅमेऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या, माणसांच्या टोप्यांवरून पाणी निथळतंय. साठीसत्तरीची मंडळी जास्त. एका आजीबाईंनी घडीची खुर्ची आणली होती आणि त्या गुडघ्यावर घोंगडं घेऊन पंढरीच्या वाटेवर बसावं तशा निवांत बसल्या होत्या. कुणी कुरकुरत नव्हतं, आणि मला याचंच आश्चर्य वाटत होतं.

माझ्या शेजारी लोकरी टोपीवाले एक गृहस्थ होते. माझ्याच वयाचे, बँकेतून निवृत्त झालेले. हातात वही, त्यात गाड्यांचे नंबर आणि वेळा. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं यॉर्कशरचं, त्यामुळे मधे लेक दुभाषी. त्यांनी थर्मासमधला चहा दिला (दूध होतं, साखर नव्हती) आणि मग एकदा जे सुरू झाले ते थांबेनात. हे इंजिन १९२३ मध्ये डॉनकॅस्टरच्या कारखान्यात बनलं. १९३४ मध्ये ताशी शंभर मैलांची अधिकृत नोंद याच्याच नावावर झाली. १९६३ मध्ये रेल्वेने ते काढून टाकलं, मग ते या मालकाकडून त्या मालकाकडे, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला असं फिरत राहिलं. २००४ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने विकत घेतलं, आणि दुरुस्ती दहा वर्षं चालली. खर्च बेचाळीस लाख पौंड! मी मनातल्या मनात रुपये करून पाहिले आणि मग तो नाद सोडला.

पण त्या दिवशीचं निमित्त इंजिनाचं नव्हतं, मार्गाचं होतं. सेटल ते कार्लाइल हा तो मार्ग. २०१५ च्या डिसेंबरात तिकडे पावसाने थैमान घातलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ईडन नदीच्या काठचा डोंगरउतार रेल्वेच्या खालून सरकला. पाच लाख टन माती. मार्ग तुटला. मग खडकापर्यंत पोलादी नळांच्या रांगा उतरवून, त्यावर काँक्रीटचा पाया घालून, दोन कोटी तीस लाख पौंड खर्चून तो पुन्हा जोडला. पहिल्या दिवशी मानाची गाडी म्हणून हे म्हातारं इंजिन. आणखी गंमत सांगतो. हा मार्ग तोट्याचा म्हणून १९८० च्या दशकात सरकार कायमचाच बंद करणार होतं. हजारो लोकांनी लेखी हरकती घेतल्या. त्यात एका कुत्र्याच्याही पंजाचा ठसा होता, कारण त्याच्या मालकाने त्याचं तिकीट काढलेलं होतं आणि प्रवासी म्हणून त्याचाही हक्क होता! १९८९ मध्ये मार्ग वाचला.

हे ऐकताना मला आपलं आठवत होतं. आपणही रेल्वेसाठी आंदोलनं केली, पण उलटी. निजामाच्या काळात, १९०० च्या आगेमागे, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत मीटरगेज टाकली गेली आणि मराठवाडा त्या अरुंद रुळांवर नव्वद वर्षं अडकून पडला. मनमाडला प्रत्येक पोतं एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायचं. माणसांचंही तेच, फक्त माणसं स्वतःहून उतरायची. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेची मंडळी ब्रॉडगेजसाठी किती वर्षं भांडली! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रुंदीकरण आमच्याकडे पोचलं तेव्हा मी वर्गात मुलांना पेढे वाटले होते. मीटरगेजची शेवटची गाडी कधी गेली ते मला सांगता येणार नाही. बघायला कोण जाणार? जावी म्हणूनच तर सगळं चाललं होतं. हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. ज्यांच्याकडे दुसरी चांगली गाडी असते त्यांनाच जुनीचं कौतुक परवडतं, असं मी त्या गृहस्थांना सांगायला गेलो, पण लेकीने त्याचं भाषांतर केलं नाही. बरंच झालं.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या घरात कुणी रेल्वेत होतं का?"

होतं. माझे वडील, दादा, गँगमन होते. रुळांखाली खडी ठोकणं, स्लीपर बदलणं, उन्हाळ्यात रूळ पसरले की ते सावरणं, ही दिवसाची कामं. पावसाळ्यात मात्र रात्रीच्या गस्तीची पाळी यायची. आमच्याकडे पाऊस कमी, तालुका दुष्काळी म्हणूनच प्रसिद्ध. पण काळ्या मातीचा भराव फार लबाड. उन्हाळ्यात त्याला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि एका रात्री चार तास पाऊस कोसळला की तोच फुगतो, घसरतो. मोऱ्यांतून ओढे वाट सोडून वाहतात. वरून रूळ साबूत दिसतात आणि खाली पोकळी असते. म्हणून माणसाने रात्रभर रुळाच्या कडेने चालत राहायचं. ठरलेल्या जागी पलीकडच्या हद्दीचा गस्तवाला भेटतो, एकमेकांची वही बदलायची आणि परत फिरायचं. अंगावर गोणपाटाची खोळ, काखेत झेंडे, पिशवीत रुळावर लावायचे फटाके, शिट्टी, आणि हातात रॉकेलची तीन रंगांची हातबत्ती. गाडी आली की बाजूला उभं राहायचं, आपल्या नंबरचा पत्रा बत्तीच्या उजेडात ड्रायव्हरकडे धरायचा आणि शिट्टी द्यायची. पुढे ठीक आहे, जा.

म्हणजे पावसात उभं राहून इंजिन जाताना बघणारी माणसं आमच्याकडेही होती. त्या दिवशी तो चहा पीत असताना मला पहिल्यांदाच हे सुचलं.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं: माझे वडील, रात्र, पाऊस, चालणं, दिवा. त्या गृहस्थांचे डोळे चमकले. आमच्याकडेही असे लोक असत, म्हणाले. आणि मग या छंदाची माणसं विचारतात तसा त्यांनी बारकाईचा प्रश्न विचारला, "त्या दिव्यात तेल कोणतं जाळायचे? पॅराफिन?"

पॅराफिन म्हणजे आपलं रॉकेल. लेकीने सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. पुढे बोलवेना. लेकीला वाटलं, मला थंडी बाधली. तिने स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात बांधला.

१९६४ चा सप्टेंबर. मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात. सहामाही तोंडावर आलेली. क्वार्टरमध्ये वीज नव्हती, माझा अभ्यास चिमणीवर चालायचा. त्या दिवशी घरातलं रॉकेल संपलेलं. आई म्हणाली, झोप आता, सकाळी उठून वाच. दादा गस्तीवर जायच्या आधी तासभर अंग टेकायचे. बत्ती दारामागे भरून, पुसून ठेवलेली असायची. मी तिचं झाकण काढलं आणि अंदाजाने अर्धा पेला रॉकेल चिमणीत ओतून घेतलं. बत्ती हातात धरून पाहिली तर जड वाटली. पुरेल, असं मी ठरवून टाकलं. त्या रात्री मी भूमितीचे प्रमेय पाठ करत बसलो. दादा उठले, खोळ घेतली, बत्ती पेटवली आणि गेले. मी मान वर केली नाही.

मध्यरात्रीनंतर पाऊस वाढला. बत्ती परतीच्या वाटेवर विझली. काड्यापेटी भिजलेली, आणि भिजली नसती तरी जाळायला तेलच नव्हतं. मालगाडी आली तेव्हा ड्रायव्हरला ठरलेल्या टप्प्यात कुणी दिसलं नाही. दादा अंधारात उभे राहून शिट्टी वाजवत होते, पण त्या पावसात आणि इंजिनाच्या आवाजात शिट्टी कुठली ऐकू जाते! त्याने गाडी चालण्याच्या वेगाने आणली आणि पुढच्या स्टेशनात लिहून दिलं की गस्तवाला जागेवर नव्हता. काही घडलं नाही. भराव ठीक होता, पूल ठीक होता. गाडीला उशीर झाला, इतकंच.

दहाबारा दिवसांनी कागद आला. टाइप केलेला, इंग्रजी. दादांना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. चुलीपुढे बसून त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला. "वाच रे, काय लिव्हलंय?"

मी वाचला. दिव्यात पुरेसं तेल नसताना कामावर गेल्याबद्दल खुलासा मागितला होता. मी मराठीत सांगताना म्हणालो, "बत्ती विझली म्हणून विचारलंय." दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेलाचं काय म्हनत्यात?" मी म्हणालो, "कमी होतं म्हणतात." "कमी व्हतं हे खरंच हाये," ते म्हणाले. "उत्तर लिही."

आणि मी लिहिलं. शाळेत अर्जाचा नमुना शिकवलेला होता, त्या नमुन्यात. महाशय, मी तेल तपासायला विसरलो, पुन्हा असं होणार नाही, क्षमा असावी. खाली जागा सोडली. दादांनी त्यांचं वळणदार अक्षर एकेक करून काढत सही केली. मी तो कागद फुंकर मारून वाळवला.

त्यांची एका वर्षाची पगारवाढ थांबली. रक्कम चारदोन रुपयांचीच, पण तेव्हा चारदोन रुपयांना अर्थ होता. यात नियमाचं काही चुकलं नव्हतं, साहेबांचंही नाही. बत्तीत तेल नव्हतं ही गोष्ट खरी होती.

त्याच आठवड्यात दादांनी बाजारातून रॉकेलची एक बाटली आणली. गळ्याला सुतळीचा फास बांधलेली. ती माझ्या पुस्तकांच्या पेटीजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "ही अभ्यासाची." बस. त्यानंतर मॅट्रिकची परीक्षा होईपर्यंत ती बाटली कधी रिकामी राहिली नाही. मी पास झालो, औरंगाबादेला बी.ए. झालो, मास्तर झालो, चाळीसेक वर्षांत हजारभर मुलांना खरं बोलावं हे शिकवलं. दादा १९८९ मध्ये गेले. त्या बाटलीबद्दल आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. त्यांना ठाऊक होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं का, ते विचारायला मला पंचवीस वर्षं मिळाली होती.

असो. रिबलहेडकडे परत येतो.

आधी आवाज आला. वारा उलटा होता, त्यामुळे येत होता, जात होता. सगळी गर्दी एकदम गप्प झाली. मग टेकडीच्या कडेने पांढरा धूर दिसला आणि लेक ओरडली, "बाबा, कॅमेरा!" गडद हिरव्या रंगाचं ते लांबलचक इंजिन पुलावर आलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. चाकांचे दांडे एका लयीत खालीवर होत होते, वाफ कठड्यावरून खाली सांडत होती. मी चष्म्यावरचं पाणी पुसलं, पुन्हा पाणी, पुन्हा पुसलं. दीडदोन मिनिटांत सगळं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाईंनी खुर्चीची घडी केली. शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली आणि माझा हात हातात घेऊन हलवला.

गाडी गेल्यावर पुलाच्या टोकाशी मला नारिंगी कोट घातलेली दोन माणसं दिसली. रेल्वेची असावीत. इतका वेळ ती तिथेच असणार, पण सगळ्यांचे कॅमेरे दुसरीकडे होते. गाडी गेली त्या दिशेने एकजण थोडा वेळ बघत राहिला, मग दोघंही खाली वाकून काहीतरी तपासायला लागले.

परतताना सौ.ने गाडीत विचारलं, कसं होतं इंजिन? मी म्हणालो, आपल्यापेक्षा मोठं होतं. तेही खरंच. आपली मीटरगेजची वायपी त्याच्या पुढे पोरसवदा. पण ती टाटांच्या कारखान्यातली असायची, आणि चढावर तिचा जो आवाज यायचा तो मला अजून काढता येतो. नातवंडांना काढून दाखवतो.

यंदाच्या पावसाळ्यात एकदा रोटेगावला जाऊन आलो. मार्गावर आता विजेच्या तारा आहेत. गस्तीवाल्यांकडे जीपीएसचं यंत्र असतं, ते कुठे आहेत हे ऑफिसात बसून दिसतं. एका तरुण ट्रॅकमनशी बोललो. त्याच्याकडे बॅटरीवरची झगझगीत बत्ती होती. हातात घेऊन पाहिली. फार हलकी होती.

हे सगळं आज जाहीर लिहिण्याचं कारण अक्का. माझी थोरली बहीण, आता ८२ वर्षांची, लासूरला असते. तिचा नातू तिला माझे लेख मोठ्याने वाचून दाखवतो. अक्का, त्या रात्री तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. मी बत्तीचं झाकण परत लावलं तेव्हा ते वाजलं आणि तुझ्या बांगड्याही वाजल्या, असं मला राहून राहून आठवतं. तू जागी होतीस का? आणि दादांना तू काही सांगितलं होतंस का? दुपारी चारनंतर मी घरीच असतो. फोन कर.